अर्धी मात्रा

शनिवारच्या तालमीत झामीने बापाला सगळ्यांदेखत टोकलं.

"पा, तिसऱ्या ओळीला तुम्ही मागे पडताय. अर्धी मात्रा."

चर्चच्या हॉलमधली चाळीस माणसं गाता गाता थांबली. एकतीस वर्षं या मंडळींकडून ज्याने गाऊन घेतलं, तो रोखुमा आता शेवटच्या बाकावर, खर्जातल्या म्हाताऱ्यांमध्ये बसला होता. दोन महिन्यांपूर्वी त्याने आपली ताल धरायची बांबूची छडी लेकीच्या हातात दिली होती. "गुडघे थकले," एवढंच म्हणाला होता.

"मागे पडलो?" त्याने चष्मा वर सरकवला. "असेन. पुन्हा घे."

शेजारी बसलेल्या पु छुआनाने सुपारी या गालातून त्या गालात ढकलली. "घर दहा पायऱ्यांवर, आणि ह्याला सुरापर्यंत पोचायला उशीर!"

बायकांच्या बाकांवर हशा पिकला. रोखुमाही हसला. झामी हसली नाही. मंडळी अजून आपली झालेली नाहीत, हे तिला कळत होतं. का, ते कळत नव्हतं. तिने पुन्हा घेतलं. तिसऱ्या ओळीला एकोणचाळीस आवाज एकदम उठले आणि एक मागून आला. तिने छडी टेबलावर आपटली. "पा!"

घरी जाताना पायऱ्यांवर त्याने दर शनिवारचा प्रश्न विचारला. "खर्ज कसा होता आज?"

"सांगितलं की. मागे होता."

तो एक पायरी उतरला. मग म्हणाला, "हात जरा मोठा करत जा, झामी. मागच्या बाकावरून दिसला पाहिजे."

"चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा."

"तेही असेल," तो म्हणाला, आणि कठड्याला धरून पुढची पायरी उतरला. घरी आल्यावर त्याने चहा टाकला. तिच्या कपात साखर जास्त पडली, तेव्हा कप बदलून घेतला.

मंगळवारी सकाळी तो परसातल्या मांडवावरच्या वेलाची इस्कुशची फळं काढायला गेला. टोपली अर्धी भरली होती. टोपलीशेजारी तो बसला तो उठलाच नाही.

तीन संध्याकाळी शेजारपाजार रिवाजाप्रमाणे घरी येऊन ढोलावर गात राहिला. झामीने सगळ्यांना चहा दिला. ती गायली नाही.

शनिवारी ती तालमीला गेली. "आठवडाभर राहू दे," बायकांच्या बाकावरची पी झुआली दारातच म्हणाली. "पुढच्या रविवारी गायचंय," झामी म्हणाली आणि आत गेली. शेवटच्या बाकावर छुआनाच्या उजवीकडची जागा रिकामी होती. कुणीही तिकडे सरकून बसलं नव्हतं.

तिने सूर दिला. छडी उचलली. पहिली ओळ, दुसरी ओळ.

तिसऱ्या ओळीआधी तिचा हात वर रेंगाळला. तो नेहमीच रेंगाळायचा. तिथे एक श्वास हवा असं तिला लहानपणापासून वाटायचं, पण गाणं बापाने बसवलेलं. बोलायचा धीर कधी झाला नव्हता. हात अजून वरच होता आणि मंडळी पुढे निघून गेली. सगळी एकदम. मागे कुणीच राहिलं नाही.

झामी थांबली. मंडळी गात राहिली. चौथी ओळ गायली, पाचवी गायली. मग एकेकाच्या लक्षात आलं आणि आवाज विझत गेले.

"काय गं? चुकलं का कुठे?" पी झुआलीने विचारलं.

"नाही. तुम्ही सगळे एकत्र होतात." झामीने छडीकडे पाहिलं. "माझा हात कुठे होता?"

कुणी गाण्याच्या कागदात पाहू लागलं, कुणी खोकलं.

छुआनाने तोंडातली सुपारी रुमालात काढून घेतली. "रागावू नकोस, पोरी. गाणं आमच्या अंगात मुरलंय. तुझ्या बापानेच मुरवलंय. हात कोण बघतो? तो एकटा बघायचा. मी कोपर मारायचो, म्हणायचो, रोखुमा, चल की पुढे, लोक हसतायत. तर म्हणायचा, 'थांब रे. तिचा हात अजून खाली आलेला नाही.'"

"मला बोलला नाहीत तुम्ही."

"त्याने बोलू दिलं नाही. म्हणाला, तिचं तिला दिसू दे." छुआनाने रुमालाची घडी घातली, मग उलगडली. "गेल्या शनिवारी तू दुसऱ्यांदा ओरडलीस ना, तेव्हा मला म्हणाला, 'तिथे श्वास हवाच होता. एकतीस वर्षं माझ्या लक्षात आलं नाही.'"



झामीने छडी टेबलावर ठेवली. मोकळा हात उचलला, खांद्याच्या वर, शेवटच्या बाकावरून दिसेल इतका. हळूहळू सगळ्यांच्या माना वर आल्या. कागद खाली गेले. एकोणचाळीस माणसं तिच्या हाताकडे बघत होती, आणि हात खाली येत नव्हता.

ती बघत होती छुआनाच्या उजवीकडे.

"खर्ज बरोबर होता, पा."