दुर्गाच्या हातचं

पाठ

चन्नम्मा ज्या फडक्यानं कंदिलाची काच पुसत होती, ते फडकं दुर्गानं विणलेलं होतं.

शेजारच्या चन्नम्माच्या ओसरीवर बसलेल्या दुर्गानं ते लगेच ओळखलं. गुलाबी लोकर, गळ्याशी नागमोडी वीण. चन्नम्माच्या मुलीच्या बारशाला दिलेला स्वेटर. तो मुलीच्या अंगाला एकदाही लागलेला नव्हता, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

दुसरी एखादी गप्प उठून गेली असती. दुर्गानं चन्नम्माच्या हातातून स्वेटर काढून घेतला आणि काजळीसकट पिशवीत टाकला.

"काचेला जुनं धोतर बरं, चन्नम्मा," ती म्हणाली. "लोकरीनं नीट पुसलं जात नाही."

घरी आल्यावर तिनं तो धुतला. उसवला. काजळी निघेना तेवढी लोकर कापून फेकली. उरलेल्या गुंड्यात मोजे बसत होते.

कुणाच्या तरी बाळाचे. कुणाच्याही.

बाह्या

दुर्गाला मूल नव्हतं. लग्नाला दहा वर्षं झाली होती. गल्लीत हे तिच्या तोंडावर कुणी काढत नसे. फक्त मैत्रिणीला बाळ झालं, की दुर्गाला बारशाचं बोलावणं अशा बेतानं यायचं, की ती पोचेपर्यंत नाव ठेवून झालेलं असावं.

तिनं बोलावण्याची वाट पाहणंच सोडलं. आपण होऊन जायची, सगळ्यांच्या आधी. हातात स्वेटर, टोपडं, मोजे. देताना बाळाच्या आईच्या डोळ्यांत बघायची.

सासूबाईंचं म्हणणं असं, की सोलापुरात लोकर घालतंय कोण. एवढे हात शिवशिवत असतील तर सांगोल्याच्या धनगरासारखी घोंगडी विणावी, निदान बाजारात खपेल. नवरा कमलाकर कचेरीतून येताना लोकर आणून द्यायचा आणि या विषयावर पेपर वाचायचा.

काचेच्या प्रकारानंतर मात्र सासूबाईंनी सरळच विचारलं, लोकांना तुझ्या हातचं नको असतं, तर स्वतःची शोभा कशाला करून घेतेस?

"एक दिवस मागायला येतील," दुर्गा म्हणाली. "स्वतःच्या पायांनी."

पुढचा भाग

आणि आल्या. सावित्रम्मा आल्या.

सावित्रम्मा म्हणजे कोपऱ्यावरच्या ज्वारीच्या आडतीची मालकीण, गौरम्माची सासू. आणि गौरम्मा म्हणजे दुर्गाची सगळ्यांत जवळची. दोघी एकाच वर्षी या गल्लीत सुना म्हणून आलेल्या. गौरम्माची दोन बाळं पाचवी पुजायच्या आत गेली होती. दोन्ही वेळा दुर्गाचं विणकाम सुयांवर अर्धं राहिलं होतं. आता तिसरं बाळ, मुलगा. तो तगला होता.

एरवी सावित्रम्मा उंबऱ्याच्या आत यायच्या नाहीत. त्या दिवशी येऊन बसल्या. चहा घेतला. बारशाला पोराच्या अंगावर दुर्गाच्या हातचंच घालायचं, म्हणाल्या, दुसरं नवं काही घेतलेलंच नाही. आणि तिनं वेळेवर यावं. पोर तिच्याच ओटीत घालायचं ठरलंय.

सासूबाईंच्या हातातली बशी खाली ठेवायची राहून गेली.

गळा

गळा चारदा उसवला. बाळाच्या मानेला शिवण लागता कामा नये. पिवळी लोकर, बाजारात होती त्यातली सगळ्यांत मऊ.

बारशाच्या दिवशी दुर्गा लग्नातली इरकली साडी नेसली आणि गल्लीच्या मधोमध चालत गेली. चन्नम्माच्या ओसरीपुढं तर ती जरा जास्तच सावकाश चालली.

तिला पाटावर बसवलं. सगळ्या बाया बघत होत्या. गौरम्मानं बाळ आणून तिच्या ओटीत ठेवलं. दुर्गानं एक बाही घातली, मग दुसरी. बाळानं इरकलीवर धार सोडली. बाया हसल्या. दुर्गाही हसली. मग तिनं टोपडं घातलं.

तोवर सावित्रम्मा सूप घेऊन आल्या. रेशनच्या परदेशी लाल मिलो ज्वारीवर काढलेले दुष्काळाचे दिवस सरले होते. सुपात शिगोशीग पांढरीशुभ्र मालदांडी ज्वारी होती. ती दुर्गाच्या पुढ्यात ठेवून त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं सांगू लागल्या, की आमच्या घरात दोन गेली. म्हणून हे आता आमचं नव्हे, दुर्गाला देऊन टाकलं. तिच्या ओटीत कधी काही आलंच नाही, तिकडं यमाचीसुद्धा नजर जात नाही. आता हे तिच्याकडून जोंधळ्यावर विकत घ्यायचं.

"तिनं राजीखुशीनं इकलं तरच ते आमचं," त्या म्हणाल्या. "हिसकून घेतलेलं पोर जगत न्हाय."

टोपड्याच्या नाडीवर दुर्गाचा हात थांबला.

"मी नगं म्हणत हुते, दुर्गा. उगं कशाला हिला बोलवायचं म्हणून. गौरानंच तुजं नाव काढलं. म्हणली, दुर्गाक्काएवढी रिकामी ओटी गल्लीत दुसरी न्हाय."

दुर्गानं गौरम्माकडं पाहिलं. गौरम्मा पाळण्याची दोरी सारखी करत होती. ती सारखीच होती.

"बोल की," सावित्रम्मांनी सूप पुढं सरकवलं. "इकलं म्हण."

दुर्गानं नाडीची गाठ मारली. ती फार घट्ट नाही ना, हे बोट घालून बघितलं. मग बाळाभोवती पदर घेतला आणि मोकळ्या हातानं सूप मागं सारलं.

"मला विकायचं नाही," ती म्हणाली आणि बाळाला घेऊन पाटावरून उठली.