ऊब टिपणारा कॅमेरा

नवी गाडी घेतल्यापासून भाऊजींच्या तोंडाला खळ नाही. "अंगाची ऊब टिपतो हा कॅमेरा. मिट्ट काळोखातही माणूस स्क्रीनवर पांढराशुभ्र दिसतो," म्हणत त्यांनी चहा पिता पिता मोबाइलवर कालचं रेकॉर्डिंग लावलं. रस्त्याच्या कडेला कुणीतरी आडवं पडून हात हलवत होतं.

"थांबलात ना?" ताईने विचारलं.

"नसती ब्याद कोण गळ्यात घेणार? पण सेफ्टी बघ! आधीच दिसलं म्हणून गाडी बाजूने काढता आली."

 भाऊजींनी बशीत बिस्कीट आपटलं.

 

"तरी फसवलंच गं कंपनीने. पहाटे परतताना तो तिथेच पडलेला, हेडलाइटमध्ये मला स्वच्छ दिसला, आणि स्क्रीनवर काही म्हणजे काही नाही! उद्याच शोरूमवाल्यांना फैलावर घेतो."