बिनसाखरेचा चहा

सकाळच्या चहात आजही साखर नव्हती. “संपली का गं आई?” ऋजुताने शेवटी विचारलंच.

“फ्रिजमध्ये लिंबांमागे दडवलेली इंजेक्शनं पाहिली मी,” आई म्हणाली. “शुगर आहे ना तुला? आईपासून लपवतात होय असं? मीही गोड सोडलंय. तू बरी होईपर्यंत तोंडात घालणार नाही, असं बोललेय अंबाबाईला.”

ऋजुताला हसू फुटलं आणि लगेच डोळेही भरले. “शुगर नाही गं. डॉक्टर माझी स्त्रीबीजं काढून गोठवून ठेवणार आहेत, त्याची इंजेक्शनं आहेत ती. छत्तिशी उलटली माझी. उद्या कुणी मनासारखा भेटला, तर मुलासाठी उशीर झालेला नको.”

“आणि नाहीच भेटला तर?”

“तरी ती माझीच असतील.”

आई उठून ओट्यापाशी गेली. मग तिने डबा काढला, लेकीच्या कपात दोन चमचे साखर घालून ढवळली आणि स्वतःचा कप तसाच उचलला.

“आता तूही घे की.”

“नवस असा मोडत नाहीत.” आईने फुंकर मारून बिनसाखरेचा घोट घेतला. “कारण तेवढं बदलून सांगते देवीला.”