डब्याखालचा श्वास

दलदलीची जमीन किती वायू सोडते, हे मोजायला साहेब आज एकटेच आले होते. पूर्वी हे काम त्यांची मदतनीस करायची. सगळे तिला ताई म्हणत. गेल्या वर्षी ती इथेच चिखलात रुतली, तेव्हा साहेबांनी आधी महागडं यंत्र काठावर नेलं आणि मग मागे वळून पाहिलं. तोवर चिखल सपाट झाला होता. लोकांसमोर त्यांनी डोळेही टिपले. उलट्या काळजाच्या माणसाला त्याच जागी परत यायची भीती कसली!

साहेबांनी पारदर्शक डबा जमिनीवर पालथा घातला आणि यंत्राच्या पडद्याकडे पाहिलं. डब्यात साठणाऱ्या वायूची रेघ सावकाश चढत जायला हवी होती. ती चढली, उतरली, पुन्हा चढली.

"श्वास आवरा, साहेब. आकडे बिघडतात," ताई नेहमी बजावायची. माणसाचा श्वास डब्यात शिरला की सगळं मोजमाप वाया जातं.

साहेबांनी डब्याची कड चिखलात घट्ट दाबली आणि श्वास रोखून धरला.

रेघ चढत-उतरतच राहिली. डब्याला आतून वाफ धरली, विरली, पुन्हा धरली.

छाती फुटायची वेळ आली, तेव्हा साहेबांनी तोंड उघडलं. हवा आत येईना. त्यांनी गळा चाचपला आणि ते गुडघ्यांवर कोसळले. डब्याखाली मात्र कुणीतरी पोटभर श्वास घेतला.

"अजून थोडं आवरा, साहेब," ओळखीचा आवाज म्हणाला. "आकडे छान येताहेत."