मेणातला तुकडा

"आणखी दोन काप काढा, काका. एवढ्यात भागायचं नाही," प्रयोगशाळेच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

त्याने यंत्राचं चाक पुन्हा फिरवलं. मेणाच्या ठोकळ्यावरून पातळ पापुद्रे सुटले. चिमट्याने उचलून त्याने ते नळीत टाकले. तीस वर्षं तो याच प्रयोगशाळेत काप काढत होता. या ठोकळ्यात त्याच्या बायकोच्या फुफ्फुसाचा तुकडा होता. तिला जाऊन चार महिने झाले होते.

मागच्या आठवड्यात आईचं कपाट आवरताना मुलीला क्षयाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडली होती.

"आईला कॅन्सर होता ना, बाबा? मग या गोळ्या कशाला?"

"आधी क्षयाची शंका होती."

मुलीला सातवा महिना होता. शेवटच्या महिन्यांत माहेरी येऊन आईचं सगळं तिनेच केलं होतं.

"खरंच क्षय असला तर मलाही झाला असेल. बाळाचं काय? तो तुकडा अजून तुमच्याकडे जपलेला असेल ना? तपासून घ्या."

त्याने ठोकळा शोधून काढला आणि मॅडमना विनंती केली.

मॅडमनी मेण विरघळवलं, तुकड्यातला डीएनए वेगळा केला आणि नळी मशीनमध्ये ठेवली.

"जंतू कधीच मेलेला असणार, पण त्याचा डीएनए राहतो. तो सापडला तर पडद्यावर लाल रेघ वर चढेल. निळी चढली की समजायचं, तुकडा तपासण्याजोगा आहे."

दोन तास लागणार होते. तो पडद्यासमोर स्टुलावर बसून राहिला.

"काका, असं टक लावून बघू नका. मशीन लाजेल."

त्याने स्टूल आणखी पुढे ओढलं.

निळी रेघ चढली. लाल तळाशीच राहिली.

"सुटलात. क्षय नाही."

"परत लावा."

"अहो, निकाल स्वच्छ आहे."

"एकदा परत लावा, मॅडम. पाया पडतो तुमच्या."

बापाचं काळीज, असं मनाशी म्हणत मॅडमनी उरलेला नमुना लावला. आणखी दोन तास गेले. लाल रेघ जागची हलली नाही.

त्याने मुलीला फोन केला. ती आधी रडली, मग हसली.

"जीव भांड्यात पडला, बाबा. तुम्ही तर माझ्यापेक्षा जास्त घाबरला होतात. आता तरी दोन घास नीट जेवा."

"हो."

फोन ठेवल्यावर मॅडम त्याच्याजवळ येऊन बसल्या.

"पहिल्यापासून कॅन्सरच होता, काका. तुमच्या हातात काय होतं?"

त्याने मेणाचा ठोकळा परत डबीत ठेवला. दीड वर्षापूर्वी कॅन्सरचा पहिला अहवाल आला, तेव्हा तो त्यानेच फाडून टाकला होता. काचेवरचा काप स्वतः बघून, "डॉक्टरांना काय कळतंय, हा क्षय आहे," असं बायकोला सांगून सहा महिने त्या गोळ्या त्यानेच तिला चारल्या होत्या.