दुसरं गिऱ्हाईक

"आणि स्वयंपाकघर कुठल्या बाजूला?" धनाजीरावांनी विचारलं, आणि मंदाकिनीबाईंनी हसू दाबायला तोंडाला पदर लावला. पंचवीस वर्षं हा माणूस त्याच स्वयंपाकघरात उभा राहून कढईतली भजी उचलत आला होता.

पण आज तो अनोळखी होता. तसं ठरलंच होतं. मंदाकिनीबाईंच्या नवऱ्याला, विश्वासरावांना, बडोद्याच्या निजामपुऱ्यातलं हे टेनामेंट, म्हणजे अंगणाचं बैठं घर, याच आठवड्यात विकायचं होतं. पुण्यात मुलाशेजारी फ्लॅट घेतला होता आणि पैसे भरायची तारीख डोक्यावर आली होती. दलाल म्हणाला, भिंतींना चुना मारा, अर्धं सामान हलवा, भाव चार लाखच ठेवा, लगेच निघेल. चुना मारला, सामान हलवलं. भावाचं मात्र विश्वासरावांना पटेना. त्यांनी आपला जुना दोस्त कामाला लावला.

"एकटं गिऱ्हाईक खोट काढत बसतं. शेजारी दुसरं दिसलं की घाई करतं. तू फक्त दोनदा भाव वाढव, धन्या. मी खोकलो की माघार घ्यायची."

खरं गिऱ्हाईक म्हणजे जवळच्या करजण गावचे पटेल. नवरा-बायको भिंतींवर टकटक करत फिरत होते. मधल्या खोलीत अंधार होता. धनाजीरावांचा हात न बघताच दारामागच्या बटणावर गेला. पुढे माळा ठेंगणा. ते आपोआप वाकले, आणि मागून येणाऱ्या पटेलांचं टाळकं खाडकन आपटलं.

"काका, तमे पहेलां अहीं आव्या छो?" पटेलांनी डोकं चोळत संशयानं विचारलं.

"ना रे ना! अमारे घेर पण आवुंज माळियुं छे." आपल्या घरीही असाच माळा असल्याचं धनाजीरावांनी ठोकून दिलं.

विश्वासरावांना खिडकीकडे तोंड करून हसावं लागलं.

पुढच्या ओटल्यावर आल्यावर तर धनाजीरावांना जोरच चढला. इथे संध्याकाळी ऊन येत नाही, म्हणाले. उन्हाळ्यात गच्चीवर पाणी मारून गाद्या टाकल्या की पहाटे गोधडी लागेल बघा. अंगणात लग्नाचा मांडव आरामात मावेल, आणि श्रीखंडाचं पातेलं त्या जिन्याखाली गार राहील. विश्वासराव ऐकतच राहिले. त्यांच्या लेकीच्या, निरुपमाच्या, लग्नात ते पातेलं उचलून आणणारा हाच, आणि बोटानं निम्मं चाटणाराही हाच. मंदाकिनीबाईंनी तोंडावरचा पदर कधीच काढला होता. त्या आता हसत नव्हत्या.

पटेलांच्या बायकोनं नवऱ्याला कोपर मारलं. हा म्हातारा सगळी चौकशी करून आलेला दिसतोय, घर घेऊन जाईल.

"चार लाख," पटेल म्हणाले.

"सव्वाचार," धनाजीराव.

"साडेचार."

"पावणेपाच."

बायकोचं कोपर पुन्हा हललं. "पाच," पटेल म्हणाले.

पाच! विश्वासराव खोकले.

"सव्वापाच," धनाजीराव म्हणाले.

विश्वासराव परत खोकले, इतके जोरात की मंदाकिनीबाई पाणी घेऊन धावल्या.

"साडेपाच," धनाजीराव म्हणाले. समोरून तर कोणी काही बोललंच नव्हतं.

पटेलांनी हात जोडून घर धनाजीरावांवरच सोडलं. "काका, पछी तमेज लई लो." स्कूटरला किक बसली, बायको मागे बसली, संपलं.

"धन्या!" विश्वासराव उसळले. "आहेत तुझ्याकडे साडेपाच लाख?"

"साडेपाचशे पण नाहीत."

"अरे मग गप्प का नाही बसलास? पाचावर आलं होतं गिऱ्हाईक! आता आठवडाभरात दुसरं कुठून आणू मी?"

धनाजीराव पायरीवर टेकले. चपला काढून नेहमीसारख्या बाजूला सारल्या.

"दोनदा अगदी ठरल्याप्रमाणे बोललो रे," ते म्हणाले. "मग मनात आलं, ही माणसं इथे राहायला आल्यावर संध्याकाळी मी बसायला जाऊ कुठे?"