गळालेला ‘न’

वाचनालयाच्या चिटणीसबाईंनी हिवाळी कार्यक्रमांची पत्रकं छापून घेतली, गल्लीभर वाटली आणि मग घरी येऊन निवांत वाचली. शनिवारपुढे ‘सामूहिक वादन’ऐवजी ‘सामूहिक वाद’ छापलं होतं. खाली ठळक अक्षरांत ओळ होती, ‘सर्वांनी हिरिरीने भाग घ्यावा.’

कपाळावर हात मारून त्यांनी छापखान्यात फोन लावला.

“अहो, माझा ‘न’ खाल्लात तुम्ही!”

“एका ‘न’नं काय बिघडतंय, ताई?” छापखानेवाले म्हणाले. “एरवी तरी वादनाला कोण येतं?”

ते मात्र खरं होतं. गेल्या वर्षी वादक सात होते आणि श्रोत्या त्या एकट्या. यंदाही सभागृह रिकामं राहिलं, तर हा कार्यक्रम कायमचा बंद होणार होता.

शनिवारी त्या धास्तावूनच पोहोचल्या, तर सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक स्वेटरच्या बाह्या सरसावून बसले होते आणि शेजारून आणखी खुर्च्या येत होत्या.



पहिल्या रांगेत मधोमध त्यांच्या सासूबाई बसल्या होत्या, बावीस वर्षांचे मुद्दे वहीत तारीखवार लिहून.